गंगथडीने सायकलवर : पैठण ते गंगाखेड

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही. कोकणातल्या रेवस-रेड्डी सागरी मार्गावरून सायकलने जाऊन आलेल्या मैत्रिणीने तिकडचे फोटो दाखवले तेव्हा मला तिचा हेवाच वाटला. परंतु त्याच रात्री नकाशा उघडून बसल्यावर ध्यानात आले, की काठ आपल्यालाही आहे आणि तो काही लहान नाही. पैठणपासून पार धर्माबादपर्यंत गोदावरी मराठवाड्यातून आडवी जाते. काठावरच्या गावांत तिला गोदावरी कोणी म्हणत नाही. ती गंगा, आणि तिच्या दोन्ही अंगांची काळी जमीन म्हणजे गंगथडी. माझे आजोळ गंगथडीचे असूनही ही नदी मी आजवर केवळ एसटीच्या खिडकीतून, पुलावरून गाडी जाईपर्यंत, एका वेळी अर्धा मिनिट एवढीच पाहिली होती.

म्हणून यंदाच्या जानेवारीत, १० ते १४ तारखांच्या पाच दिवसांत, पैठणहून निघून नदीच्या सोबतीने गंगाखेडपर्यंत सायकलने जायचे ठरवले. माझे वय ५३ आहे, सायकल गिअरची असली तरी साधी आहे आणि माझा वेग ताशी १२ किलोमीटरच्या वर जात नाही. घाई नव्हती, सोबतही कोणी नव्हते. संक्रांतीला गंगेवर असावे, एवढाच काय तो हट्ट होता.

पहिला दिवस : पैठण ते शहागड

आदल्या संध्याकाळी सायकल टेम्पोत टाकून पैठणला पोहोचले होते. सकाळी सहाला नागघाटावर गेले, तेव्हा इतकी धुई पडली होती की पाणी कोठे सुरू होते ते शेवटच्या पायरीवर पाय ओला झाल्यावरच कळले. ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले ते याच घाटावर, असे पैठणकर सांगतात. घाटावर एक आजी पितळी तांब्या घासत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे, मग सायकलला बांधलेल्या पिशव्यांकडे पाहिले आणि विचारले, "बाई, घरी भांडून निघालीस का?" नाही म्हटल्यावर त्यांचे समाधान झाल्याचे दिसले नाही. पुढच्या पाच दिवसांत हा प्रश्न मला निरनिराळ्या शब्दांत किमान दहा वेळा विचारला गेला, "नवस हाय का?" हा त्यातल्या त्यात सौम्य प्रकार होता.

धुई विरल्यावर जायकवाडीची भिंत दिसू लागली. भिंत जवळजवळ १० किलोमीटर लांब आहे आणि दरवाजे २७ आहेत. लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. मुळात हे धरण खाली बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ बांधायचे होते. जागा बदलून वर पैठणला आली, नाव मात्र त्या गावाचेच राहिले. भिंतीवर सायकल नेता येत नाही, त्यामुळे नाथसागराच्या, म्हणजे धरणाच्या जलाशयाच्या बाजूला जाऊन लांबूनच पाणपक्षी पाहिले आणि परत फिरले.

धरणाच्या खाली नदीचे जे रूप दिसते, त्याची मनाची तयारी करून निघालेले बरे. मला वाहती गंगा पाहायची होती, आणि समोर होते ते जागोजागी अडवलेले, हिरवट, स्तब्ध पाणी. आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी, ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल अशी उच्च पातळी बंधाऱ्यांची माळच खाली ओवलेली आहे. एकाचा फुगवटा संपत आला की दुसऱ्याचा सुरू होतो. वाहते पाणी पाहायचे असेल तर ते कालव्यात. डावा कालवा येथून निघून २०८ किलोमीटर परभणी जिल्ह्यापर्यंत जातो. रब्बीच्या सिंचनाची पाळी सुटलेली होती आणि पाणी काठोकाठ, गुळगुळीत, माझ्यापेक्षा किंचित अधिक वेगाने चालले होते. कालव्याच्या भरावावरची मुरमाची वाट सपाट असून वर्दळ जवळजवळ नाही. त्या वाटेवर मी तासभर सायकल चालवली आणि सबंध प्रवासातला काठाने सलग चालवलेला तेवढाच तास निघाला. सायकलने काठाकाठाने जाण्याची हौस मराठवाड्यात फिटते ती माणसाने खोदलेल्या पाटावर. खुद्द नदीच्या काठाला वाट नाही, हे मला पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत कळून चुकले.

आपेगावला ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचे घराणे होते. त्यांचे पणजोबा त्र्यंबकपंत यांची समाधी येथे आहे. देवळात शाळेची सहल आली होती आणि गुरुजी मुलांना रांगेत बसवता बसवता घामाघूम झाले होते. आवारात नुसते बसले तरी पायांचा शीण गेला. तेथून पुढे मात्र नकाशाने दाखवलेली काठाची वाट एका ओढ्यात उतरली, आणि ओढ्यात बंधाऱ्याचे पाणी शिरलेले होते. मागे फिरणे, वर पक्क्या रस्त्याला लागणे, पुढच्या गावात "गंगेवर जायला रस्ता कुठून?" असे विचारणे, पुन्हा खाली उतरणे, हा क्रम त्या दिवशी चार वेळा झाला.

चौथ्या वेळी विलायती बाभळीचा काटा मागच्या चाकात गेला. माझ्याजवळच्या ठिगळांचे सोल्यूशन वाळून दगड झालेले होते. दोन किलोमीटर सायकल ढकलत नेल्यावर ट्रॅक्टरचे टायर काढणाऱ्या एका दुकानात पोहोचले. दुकानदार तरुण होता. एवढी बारीक ट्यूब आपण कधी हाताळली नाही, असे त्याने सरळ सांगितले. मग आतल्या खाटेवरून त्याचे वडील उठले. त्यांनी परातीत पाणी घेतले, ट्यूब दाबून बुडबुडा शोधला, ठिगळ बसवले आणि पैसे घ्यायला नकार देत म्हणाले, "ताई, वीस वर्सांनी हात लावला सायकलला. मपली पण अशीच व्हती, हर्क्युलस." चहा त्यांच्याच घरचा झाला.

या वाटेने जायचे असेल तर दोन जादा ट्यूब, चिमटा आणि ताजे सोल्यूशन बरोबर असलेच पाहिजे. शेताच्या बांधावरून सायकल उचलून न्यावी, चालवू नये. काटे तेथेच असतात. टायर ३५ मिलिमीटरपेक्षा अरुंद नको, कारण ओलीत केलेल्या शेताजवळची काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी भरते की चाक फिरायचेच थांबते.

शहागडला पोहोचले तेव्हा दिवस मावळला होता. मुक्काम महामार्गालगतच्या लॉजमध्ये झाला. रात्रभर ट्रक झोपेतून गेले.

दुसरा दिवस : राक्षसभुवन, पांचाळेश्वर आणि गेवराई

शहागडचा पूल ओलांडला की जालना जिल्हा संपतो आणि बीड सुरू होतो. पुलावर थांबून मी पहिल्यांदा नदी नीट पाहिली. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावे लागले होते, त्याची खूण अजून काठावर होती. बाभळींच्या शेंड्यांना, माझ्या डोक्याच्या दुप्पट उंचीवर, पाचट, प्लास्टिक आणि कापडाच्या चिंध्या एका सरळ रेषेत अडकलेल्या होत्या. एका झाडावर निळी साडी होती. तिच्या खालच्या शेतात गहू उभा होता आणि त्याच्या शेजारच्या शेतात नुसते गोटे उघडे पडले होते, कारण वरची माती पाण्याने खरडून नेली होती. मध्ये बांध तेवढा एक.

राक्षसभुवनला आडरस्त्याने गेले. शनीच्या साडेतीन पीठांत या ठिकाणाची गणना करतात. आदला दिवस शनिवारचा होता, त्यामुळे गर्दी ओसरली होती, मात्र फरशी तेलाने इतकी निसरडी झालेली होती की सायकलचे बूट काढून अनवाणी जातानाही जपून पाय टाकावे लागले. गावाचे नाव मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असते ते १० ऑगस्ट १७६३ च्या लढाईमुळे. पुस्तकात ती लढाई मी दोन ओळींत पाठ केली होती; काठावर उभे राहिल्यावर ती प्रथमच समजली. ऑगस्टची भरलेली गंगा, निजाम अलीचे अर्धे सैन्य उतरून पलीकडे गेलेले, अर्धे दिवाण विठ्ठल सुंदर याच्या हाताखाली अलीकडे राहिलेले, आणि नेमक्या त्या वेळी माधवराव आणि राघोबादादा येऊन भिडलेले. पलीकडच्या निजामाला अलीकडची लढाई पाहता येत होती, परतून येता येत नव्हते. विठ्ठल सुंदर पडला. तेव्हा माधवराव अठरा वर्षांचे होते. त्या दिवशी निम्मे काम नदीनेच केले असावे, असे मला वाटते.

पांचाळेश्वर येथून जवळ आहे. महानुभाव पंथाचे हे आत्मतीर्थ. दत्तात्रेय रोज निद्रेला माहूरला, भिक्षेला कोल्हापूरला आणि भोजनाला पांचाळेश्वरला असतात अशी श्रद्धा आहे. मी पोहोचले तेव्हा बरोबर बारा वाजले होते, म्हणजे देवाच्या जेवणाची वेळ माझ्या भुकेच्या वेळेशी जुळली. दारातल्या वयस्कर गृहस्थांनी हात जोडून "दंडवत प्रणाम" म्हटले आणि मी नुसतेच "नमस्कार" म्हणाले, याची नंतर थोडी लाज वाटली. नदीच्या पात्रालगत उंच दगडी तट आहेत आणि आत इतकी शांतता, की पाण्यावर टिटवी ओरडली तर दचकायला होते. विदर्भातून आलेल्या एका कुटुंबाने मला आपल्यात ओढून पंगतीला बसवले. भात, वरण, वांग्याची भाजी, शिरा. त्यांच्या सूनबाईंनी हळूच विचारले, "भीती नाही वाटत?" मी म्हटले, कुत्र्यांची वाटते. त्यांना ते पटले आणि आमचे पुढचे बोलणे कुत्र्यांविषयीच झाले. (कुत्रे मागे लागले तर वेग वाढवू नये, खाली उतरून सायकल मध्ये धरावी आणि चालू लागावे. मला या उपायाने तीन वेळा यश आले. चौथ्या वेळी बिस्किटे लागली.)

गेवराईला पोहोचेपर्यंत जेमतेम ३५ किलोमीटर झाले होते. लॉजच्या मालकांनी सायकल खाली ठेवू न देता स्वतः उचलून पहिल्या मजल्यावर आणली.

तिसरा दिवस : तलवाडामार्गे माजलगाव

या दिवसाविषयी फार सांगण्यासारखे नाही. तलवाड्याला त्वरिता देवीचे दर्शन घेतले. बाकी सारा दिवस रस्ता, ऊस आणि समोरून येणारा वारा यांत गेला. जानेवारीत दुपारी अकरानंतर वारा पूर्वेकडून सुटतो आणि आपण पूर्वेलाच चाललेलो असतो, हे निघण्यापूर्वी कोणी मला सांगितले नव्हते. नदीकाठाने यायचे असेल त्यांनी पाण्याबरोबर खाली न जाता उलट, गंगाखेडहून पैठणकडे, यावे असे माझे मत झाले आहे.

ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात होता. अरुंद रस्त्यावर दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येतात, मागची ट्रॉली नागासारखी डोलते आणि चालकाच्या कानाशी गाणी इतक्या मोठ्याने लावलेली असतात की घंटीचा उपयोग शून्य. अशा वेळी मुकाट्याने खाली उतरून बाजूला उभे राहावे. पहाटे आणि संध्याकाळी तर सायकल चालवूच नये, कारण धुई असते आणि ट्रॉलीला मागचा दिवा नसतो. मी साडेसातच्या आधी निघत नव्हते आणि पाचनंतर थांबत होते. पहिल्या दिवसाचा अपवाद मला महागात पडला असता.

एका फडाजवळ पाण्यासाठी थांबले. कोप्यांपुढे, म्हणजे तोडकऱ्यांच्या खोपटांपुढे, एक बाई मोळी बांधत होती. ती आणि तिचा नवरा मिळून "एक कोयता" होतो. मुकादमाच्या हिशेबात माणसे नाहीत, कोयते असतात. तिने मला घागरीतले पाणी दिले आणि सायकलच्या सीटवर हात दाबून पाहिला. "दिसभर ह्याच्यावर बसायलाव? आन् त्ये पण बिनपैशाचं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

संध्याकाळी सिंदफणेवरच्या माजलगावच्या धरणावर जाऊन बसले. पैठणहून निघालेला १३२ किलोमीटरचा उजवा कालवा याच जलाशयात येऊन मिळतो. म्हणजे पैठणचे पाणी माझ्या आधीच तेथे पोहोचलेले होते.

चौथा दिवस : मंजरथची भोगी

माजलगावहून मंजरथला जाणारा रस्ता संपूर्ण प्रवासात मला सर्वांत आवडला. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवलेली, मधूनच हरभऱ्याचे हिरवे चौकोन आणि त्यावर दवाचे इतके पाणी की रस्त्याकडेने चालले तरी विजार गुडघ्यापर्यंत भिजते. हरभऱ्याच्या पानावरचा आंब हाताला लागला की बोट चाटून पाहिल्याशिवाय राहवत नाही.

मंजरथला सिंदफणा गंगेला मिळते. गुप्त सरस्वती धरून येथे त्रिवेणी संगम मानतात आणि दक्षिण प्रयाग म्हणतात. अस्थी विसर्जनासाठी आणि श्राद्धासाठी लांबून माणसे येतात. त्या सकाळी घाटावर तीन कुटुंबे होती आणि तिघांचे विधी एकाच वेळी चालल्याने मंत्र एकमेकांत मिसळत होते. एक मुलगा, सोळा-सतरा वर्षांचा, केस नुकतेच काढलेले, पाण्याच्या कडेला उभा राहून माझ्या सायकलचे गिअर पाहत होता. किती गिअर आहेत, असे त्याने विचारले. एकवीस, मी सांगितले. "चालवू का?" म्हणाला. मी सायकल दिली. त्याने घाटाच्या वरच्या सपाटीवर दोन फेऱ्या मारल्या, ती परत आणून भिंतीला नीट टेकवली आणि पुन्हा खाली जाऊन वडिलांच्या पिंडाशेजारी बसला.

गाव सोडले तेव्हा अकरा वाजले होते. त्या दिवशी भोगी आहे हे माझ्या लक्षातच नव्हते. वाटेतल्या एका मळ्यात विहिरीवर बाटली भरायला गेले, तर मळ्यातल्या काकूंनी बाटली हातातून काढून घेतली आणि ओट्यावर बसवले. "न खाई भोगी तो सदा रोगी. आज कुणाला तसं जाऊ देत नसतेत." बाजरीची तीळ लावलेली भाकरी चुलीवरून थेट ताटात आली. भाजीत वांगी, गाजर, वालाच्या शेंगा, सोललेला हरभरा, बोरे, शेंगदाणे आणि तिळाचा कूट होता. वर घट्ट लोणी. शहरात मी ही भाजी दरवर्षी करते, परंतु मंडईतल्या हरभऱ्याने तिला ती चव येत नाही, हे त्या दिवशी मान्य करून टाकले. दुसरी भाकरी नको म्हणताना मी कमी पडले आणि तिसरी त्यांनी न विचारता टाकली. काकूंचे सासरे बाजेवर पडल्या पडल्या पुराचे सांगत होते: पाणी ओट्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आले, बैल सोडून दिले, सोयाबीन उभे कुजले. "पण गंगेला नावं ठेवून कसं भागंल? तिच्यावरच बसलाव आपण."

जेवणानंतर सायकल चालवणे शक्यच नव्हते, म्हणून कडब्याच्या गंजीच्या सावलीत तासभर झोपले. ढालेगावच्या बंधाऱ्यावर पोहोचेपर्यंत चार वाजले. दरवाजे बंद होते, वरच्या अंगाला भरलेले पात्र संथ पसरले होते आणि खालच्या अंगाला खडकांवर पाणकावळे पंख वाळवत बसले होते. कोळ्यांची एक होडी उलटी घालून ठेवलेली होती. पाथरीला मुक्काम.

स्वच्छतागृहाचा प्रश्न बायकांना सर्वांत आधी पडतो आणि प्रवासवर्णनांतून तो सर्वांत शेवटी लिहिला जातो, म्हणून येथेच लिहिते. भरवसा ठेवावा असे दोनच पर्याय मला सापडले: मोठ्या रस्त्यावरचे पेट्रोल पंप आणि कोणाचेही घर. घराच्या दारात उभे राहून विचारले तर एकदाही नाही म्हटले गेले नाही. मात्र त्यानंतर चहाला नाही म्हणता येत नाही, तेव्हा तेवढा वेळ धरून चालावे. पिण्याचे पाणी गावोगावच्या फिल्टरवर नाममात्र पैशांत मिळते. सुटे पैसे जवळ असावेत, कारण मशीन नाण्यावर चालते.

पाचवा दिवस : मुद्गल, सोनपेठ, गंगाखेड

संक्रांत. सकाळी लॉजसमोरच्या गाड्यावर सुशीला खाल्ला. मुरमुऱ्यांच्या या न्याहारीला मराठवाड्याबाहेर फारसे कोणी ओळखत नाही याचे मला नेहमी आश्चर्य वाटते. सायकल चालवणाऱ्याला तर पोह्यांपेक्षा हलकी पडते.

मुद्गलला मुद्गलेश्वराचे देऊळ नदीच्या पात्रातच उभे आहे. पुरात ते पाण्याखाली जाते आणि पाणी उतरले की चिखल काढून पूजा पुन्हा सुरू होते. त्या दिवशी भिंतीच्या दगडांत अजून गाळ वाळलेला होता, आणि त्या गाळाच्या भेगांत कोणीतरी हळदी-कुंकवाची बोटे ओढलेली होती. सजलेल्या बायका ताटे घेऊन येत होत्या. हेल्मेट आणि हातमोजे घातलेली मी त्यांच्यात कशी दिसत असेन, हे त्यांच्या हसण्यावरून कळत होते.

नदी ओलांडून सोनपेठला आले तोवर वारा सुटला होता. सोनपेठ ते गंगाखेड हा शेवटचा टप्पा मी बहुतेक पहिल्या गिअरमध्ये, मान खाली घालून काढला आणि काठ, नदी, बंधारा यांपैकी काहीही पाहिले नाही. गंगाखेडमध्ये शिरले तेव्हा मीटरवर पाच दिवसांचे २४१ किलोमीटर झाले होते. त्यांतले नदी प्रत्यक्ष दिसत असलेले किती, याचा अंदाज रात्री मुक्कामाला करून पाहिला. तीसच्या वर आकडा जाईना.

गंगाखेड संत जनाबाईंचे जन्मगाव. त्यांचे देऊळ गंगेच्या बाजूला आहे. तेथून घाटावर उतरले. पायऱ्यांवर बायकांची इतकी दाटी होती की सायकल वरच एका फुलवालीच्या भरवशावर सोडावी लागली. पाण्यात पाय सोडून बसले. शेजारी नऊवारीतल्या एक आजी सुगडी मांडत होत्या. त्यांनी माझी चौकशी केली: कुठून आले, कशावर आले, कुणाबरोबर आले. भांडून निघालीस का, या प्रश्नाची मी वाटच पाहत होते, तो त्यांनी विचारला नाही. "पैठणपासून? म्हंजी नाथाच्या गावाहून जनीच्या गावाला आलीस," एवढेच म्हणाल्या, कपाळाला हळदीकुंकू लावले आणि एक सुगड माझ्या हातात दिले. आत उसाचे पेर, हरभऱ्याचे घाटे, बोरे, गाजराचे तुकडे आणि तीळ होते.

मातीचे ते भांडे पिशवीत ठेवले असते तर फुटले असते. शेवटी पाण्याची एक बाटली रिकामी करून पिशवीत टाकली आणि सुगड तिच्या जागी, सायकलच्या दांड्यावरच्या बाटलीच्या पिंजऱ्यात बसवून पाहिले. ते अगदी बेताचे बसले. घाटापासून स्टेशनपर्यंत मी सायकल हातात धरूनच नेली.